घरमालकाचा शेजारधर्म

धर्म म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देवघर, व्रतवैकल्ये आणि तीर्थयात्रा उभ्या राहतात. परंतु धर्माचा पुष्कळसा भाग जिन्यावर, नळापाशी आणि दोन घरांमधल्या भिंतीपाशी आचरावयाचा असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज असाच एक घरगुती वाटणारा प्रश्न वाचकांपुढे मांडावयाचा आहे. अनेकांच्या सामाईक मालकीच्या इमारतीत आपली एक सदनिका आहे. ती आपण भाड्याने दिली आहे. आणि तेथील भाडेकरूच्या वागण्याने शेजाऱ्यांना राहणे नकोसे झाले आहे. अशा वेळी, स्वतः त्या घरात न राहणाऱ्या मालकाकडे दोष किती येतो? त्याने काय करावे, आणि काय करू नये?

हा प्रश्न मी तटस्थपणे मांडीत आहे, असे मात्र कोणी समजू नये. असा दोष माझ्या हातून घडलेला आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढचे विवेचन करण्याचा मला अधिकार नाही.

नोकरीच्या निमित्ताने माझी बरीच वर्षे बडोद्यास गेली. तेथे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी सदनिका घेतली. निवृत्तीनंतर मुलाकडे इंदुरास आलो, तेव्हा ती भाड्याने दिली. भाडेकरू म्हणजे कारखान्यात पाळीवर काम करणारे तीन तरुण. भाडे महिन्याच्या महिन्यास न चुकता येत असे. माझ्या सदनिकेच्या बरोबर खाली एक निवृत्त शिक्षक सपत्नीक राहत. आम्ही सर्व त्यांना मास्तर म्हणत असू. वहिनींना हृदयविकार होता. एका पावसाळ्यात इमारतीच्या चिटणीसांचे पत्र आले, की आपले भाडेकरू अपरात्री परततात, खुर्च्या ओढतात, गाणी लावतात, आणि न्हाणीतले पाणी खालच्या घरात झिरपते. मी उत्तर धाडले, “भाडे वेळेवर येत आहे. मी एवढ्या दूर असतो. तक्रार असल्यास आपण त्यांनाच सांगावे.” हे उत्तर मला त्या वेळी अगदी वाजवी वाटले होते.

पुढे खुद्द मास्तरांचे पत्र आले. त्यात राग नव्हता. वहिनींना झोप लागत नाही आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, एवढेच त्यांनी लिहिले होते. त्याला मी उत्तरच दिले नाही. दिवाळीनंतर अकरा महिन्यांचा करार संपला, तेव्हा थोडे भाडे वाढवून मी तो नवा केला. ती सही करताना मास्तरांचे पत्र माझ्या त्याच टेबलाच्या खणात होते.

माघात एका लग्नासाठी बडोद्यास जाणे झाले. मास्तरांनी आग्रहाने आपल्याच घरी उतरवून घेतले. रात्री पावणेदोनच्या सुमारास डोक्यावर काहीतरी आदळल्यासारखे होऊन मी जागा झालो. मग खुर्च्या सरकल्या, हसणे, गाणे, धावणारे पाणी. शेजारच्या खोलीत वहिनी उठून बसल्याचे जाणवले. हे सारे तीन वाजेपर्यंत चालले. सकाळी चहा पुढे ठेवताना मास्तर एवढेच म्हणाले, “तुम्ही एक रात्र ऐकलेत.”

मी वर गेलो. ते तरुण दुष्ट नव्हते. आपल्या घराची फरशी हे दुसऱ्याचे छत आहे, ही गोष्टच त्यांना कोणी कधी सांगितली नव्हती. जिन्यात लावलेल्या सूचना त्यांनी वाचल्या होत्या. परंतु त्या कोणास उद्देशून आहेत, हे त्यांना उमगले नव्हते. “काका, तुम्ही तर कधी एक शब्दही बोलला नाहीत,” असे त्यांच्यापैकी एकजण म्हणाला. त्यावर देण्यासारखे उत्तर मजजवळ नव्हते. त्यांनी खुर्च्यांच्या पायांना रबर लावले, सतरंजी अंथरली. न्हाणीची दुरुस्ती मी करविली, कारण ती माझीच जबाबदारी होती. परंतु शनिवारच्या मैफली थांबल्या नाहीत. करार पुन्हा नवा करणार नाही असे मी त्यांना वेळीच कळविले, आणि मुदत संपताच ते गेले. मात्र तोवर मास्तर व वहिनी आपले घर विकून मुलीकडे राहावयास गेले होते. बावीस वर्षे राहिलेल्या घरातून ते उठले; ज्या घरामुळे उठले, त्यात मी राहतही नव्हतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जुन्या वाड्यात असा प्रश्न का उद्भवत नसे? भाडेकरू त्या काळीही होते, आणि भांडणेही काही कमी नव्हती. परंतु मालक बहुधा त्याच वाड्यात राहत असे. ओसरीलगतच्या खोलीतल्या बिऱ्हाडाने आरडाओरडा केला, तर तो प्रथम मालकाच्याच माजघरात ऐकू येई. भाडे ज्याच्या हाती पडे, त्रासही त्याच्याच कानी पडे. म्हणून बंदोबस्तही तोच करी. सदनिकांच्या इमारतीने ही जोडणी तोडली. भाडे एका गावी जाते, आणि त्रास दुसऱ्या गावी राहतो. ज्याला लाभ होतो त्याला काही ऐकू येत नाही. आणि ज्याला ऐकू येते त्याच्या हाती काही नसते. हा दोष कोणा एका माणसाच्या स्वभावातला नसून व्यवस्थेतला आहे. परंतु व्यवस्थेने जे सोपे करून ठेवले, ते आपण निमूटपणे स्वीकारले, म्हणजे तो आपलाही दोष होतो.

येथे कोणी म्हणेल, की भाडेकरू हा प्रौढ माणूस आहे. त्याच्या वागण्याचा जाब दुसऱ्याने का द्यावा? ज्याचे कर्म त्याने भोगावे. हा आक्षेप पोकळ नाही. नवऱ्याच्या अपराधासाठी बायकोला, मुलाच्या अपराधासाठी बापाला शासन करणे आपण अन्याय मानतो; मग भाडेकरूच्या अपराधासाठी मालकाला का धरावे? कायदाही पुष्कळ अंशी असेच म्हणतो. उपद्रवाविषयीचा आपल्याकडील कायदा बराचसा इंग्रजी परंपरेतून आला आहे. त्या परंपरेत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, मोटारशर्यतींच्या एका मैदानाच्या खटल्यात, असा निर्णय दिला, की भाडेकरूने केलेल्या उपद्रवाला जमीनमालकाने संमती दिली असेल अथवा त्यात प्रत्यक्ष भाग घेतला असेल, तरच तो जबाबदार. केवळ उपद्रव माहीत असून स्वस्थ बसला, एवढ्याने नव्हे.

न्यायालयाची ही मर्यादा समजण्यासारखी आहे. कायद्याने दंड करावयाचा असतो, आणि म्हणून त्याला रेषा जपून ओढावी लागते. परंतु न्यायालयात निर्दोष ठरणे आणि स्वतःच्या मनापुढे निर्दोष ठरणे, ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आपल्या धर्मसूत्रकारांनी हा भेद फार पूर्वी जाणला होता. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात कर्माच्या फळाचे तीन भागीदार सांगितले आहेत: करविणारा, अनुमती देणारा आणि करणारा. ह्यांतला मधला आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. मालक रात्री खुर्च्या ओढीत नाही; ओढा असेही कोणास सांगत नाही. म्हणजे तो कर्ता नव्हे, करविणाराही नव्हे. परंतु तक्रार कानी आल्यावरही तो भाडे घेत राहिला, आणि मुदत संपल्यावर त्याने करार नवा केला, तर त्याने अनुमती दिली नाही असे कसे म्हणावे? पहिल्या दिवशी त्याला दोष नसतो. समजल्याच्या दिवसापासून त्याचा हिशेब सुरू होतो.

माझ्या मते ह्या साऱ्या वादाचे सार एवढेच आहे. मालक भाडेकरूच्या कृत्याला जबाबदार नाही. स्वतःच्या मौनाला मात्र तो पूर्णपणे जबाबदार आहे. आणि आपल्याकडे अकरा महिन्यांच्या कराराची जी रीत आहे, ती नोंदणीची तरतूद टाळण्यासाठी रूढ झाली असली, तरी तिच्यामुळे मालकाला दर अकरा महिन्यांनी एकदा विचारले जाते, की हे असेच चालू द्यावयाचे आहे काय? नव्या कराराखालची सही हे त्या प्रश्नाचे उत्तर असते.

मालकावर हा भार विशेषेकरून का येतो, ह्याचे दुसरेही एक कारण आहे. मुंबई राज्याच्या १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यात भाडेकरूला मोठेच संरक्षण मिळाले. परंतु ज्या मोजक्या कारणांसाठी त्याला घराबाहेर काढता येई, त्यांत शेजाऱ्यांना उपद्रव देणे हे एक होते. आणि महाराष्ट्राच्या १९९९ सालच्या कायद्यानेही ते कायम ठेवले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. उपद्रव सोसतो शेजारी, परंतु जागा परत मागण्याचा अधिकार कायद्याने दिला तो मालकाला. शेजारी पोलिसांकडे जाऊ शकतो. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहापासून सकाळी सहापर्यंत, असे ठरविले आहे. त्या नियमांचा आधार त्याला घेता येतो. दिवाणी दावाही तो लावू शकतो. परंतु भाडेकरूशी त्याचा करार नाही. करार आहे मालकाचा. म्हणजे कुलूप शेजाऱ्याच्या दारावर आहे आणि किल्ली दूरगावी मालकाच्या खिशात आहे.

मनुस्मृतीत गुराखी आणि गुरांचा धनी ह्यांच्यातील वादाचे एक प्रकरण आहे. गुरे दिवसा गुराख्याच्या हाती असतात, तेव्हा दोष त्याच्याकडे. रात्री ती धन्याच्या घरी असताना दोष धन्याकडे. भाडेकरू म्हणजे गुरे नव्हेत, हे सांगणे नकोच. परंतु त्यामागचे तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे: ज्याच्या हाती सत्ता, त्याच्याकडे उत्तरदायित्व. आणि सामाईक इमारतीत ही सत्ता मालकाने दुहेरी बांधून घेतलेली असते. एकीकडे त्याने भाडेकरूशी करार केलेला असतो. दुसरीकडे तो संस्थेचा सभासद म्हणून तिचे नियम मान्य करतो. जिना, गच्ची, पाण्याची टाकी ह्यांत त्याचा जसा वाटा असतो, तसाच तो मास्तरांचाही असतो. भाडेकरू हा ह्या दोन्ही बंधनांच्या मध्ये उभा असतो, आणि दोन्ही दोऱ्यांची टोके एकाच माणसाच्या हाती येतात.

कित्येक मालकांची समजूत असते, की संस्थेला जादा आकार भरला म्हणजे आपण सुटलो. महाराष्ट्रात स्वतः न राहणाऱ्या सभासदाकडून घ्यावयाच्या ह्या आकारावर शासनाने २००१ साली सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, ती योग्यच होती. कारण परगावी राहणे हा काही अपराध नव्हे. परंतु तो आकार म्हणजे कर्तव्याचे मोलही नव्हे. पैसे भरून शेजाऱ्याची झोप विकत घेता येत नाही.

येथवर वाचून एखादे सभासद आपल्या भाडेकरूला उद्याच नोटीस देण्याचा विचार करीत असतील, तर त्यांनी थोडे थांबावे. कारण ह्या प्रश्नाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. चिटणीसांनी मला नंतर दाखविलेल्या तक्रारींच्या यादीत अकरा कलमे होती. त्यांतली पाच खरी होती. उरलेली सहा अशी, की ते मासे शिजवितात. त्यांच्याकडे मैत्रिणी येतात. ते आपसात परकी भाषा बोलतात. आणि अशाच आणखी काही गोष्टी. ह्या गोष्टी शेजाऱ्याच्या घरात शिरत नव्हत्या. त्या केवळ शेजाऱ्याच्या मनात शिरत होत्या. आणि आपल्या मनाची डागडुजी आपणच करावयाची असते. तिचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीच्या वादांचे प्रकरण आहे. सांडपाण्याची वाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती दूर असावी, येथपासून त्यात विचार केलेला आहे. त्यातच असे सांगितले आहे, की जा म्हटल्यावरही जो राहतो त्या भाडेकरूला बारा पण दंड करावा. आणि भाडे देणाऱ्या भाडेकरूला जो मालक हाकलतो, त्यालाही तितकाच दंड करावा. ह्यास अपवाद भाडेकरूने शिवीगाळ, मारहाण, चोरी, दांडगाई असे वर्तन केले असेल तर. ही तराजू पाहण्यासारखी आहे. भाडेकरूचे घर हे घरच आहे. ते सहजासहजी हिरावून घेता येत नाही. आणि त्याच्या वर्तनाने इतरांस खरी इजा होत असेल, तर भाडे वेळेवर देणे ही त्याची ढाल होऊ शकत नाही. माझे जे उत्तर मला वाजवी वाटले होते, त्याचे खंडन ह्या एका नियमात आहे.

मग खरा उपद्रव कोणता आणि नुसती नावड कोणती, हे कसे ओळखावे? मला एक साधी कसोटी सुचते. हेच कृत्य इमारतीतल्या एखाद्या मालकाने, आपल्याच ज्ञातीच्या, ओळखीच्या, प्रतिष्ठित माणसाने केले असते, तर आपण तक्रार केली असती काय? केली असती, तर तक्रार खरी. केली नसती, तर आपला राग कृत्यावर नसून माणसावर आहे. ह्या कसोटीला न उतरणाऱ्या तक्रारीपुढे मालकाने मान तुकवू नये. उलट आपल्या भाडेकरूच्या बाजूने उभे राहावे. तोही शेजारधर्मच आहे. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, परजातीच्या अथवा परधर्माच्या कुटुंबाला नुसत्या कुजबुजीवरून घर सोडावयास लावणे, हा त्या शेजाऱ्यांनी केलेला उपद्रव होय.

आता आचरणाच्या चार गोष्टी. घर भाड्याने देताना भाडेकरूला स्वतः घेऊन जाऊन वरच्या, खालच्या व बाजूच्या बिऱ्हाडांशी त्याची ओळख करून द्यावी. ज्याचा चेहरा आपण पाहिला आहे, त्याच्या डोक्यावर खुर्ची आपटताना हात थोडा आखडतो. इमारतीचे नियम तोंडी समजावून सांगावेत आणि करारातही घालावेत. आपण परगावी असल्यास गावातल्या एखाद्या विश्वासू माणसाचे नाव संस्थेकडे द्यावे. तक्रार आली, तर आठ दिवसांच्या आत उत्तर द्यावे. उत्तर देण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकाव्यात. आणि जमेल तर एक रात्र तेथे काढावी. दुरुस्ती आपल्याकडची असेल, तर ती लगेच करावी, कारण पुष्कळदा भाडेकरूचा म्हणून गाजलेला उपद्रव हा मालकाच्या गळक्या नळाचा असतो. सांगूनही सुधारणा होत नसेल, तर करार नवा करू नये. मात्र दुसरी जागा शोधावयास पुरेसा अवधी द्यावा, आणि अनामत रक्कम विनाकारण अडकवून ठेवू नये. संस्थेच्या चालकांनीही जिन्यात सूचना लावून कर्तव्य संपले असे न मानता, दार ठोठावून बोलावे.

ह्यात मालकाचे नुकसान होईल काय? होईलही. एकदोन महिने घर रिकामे राहील, प्रवासाला खर्च पडेल, आणि एखाद्या चांगल्या भाडे देणाऱ्याशी वाईटपणा येईल. परंतु घराचे उत्पन्न घ्यावयाचे आणि घराबरोबर येणारे शेजारीपण तेवढे नाकारावयाचे, हे दोन्ही साधत नाही. आपण सदनिका विकत घेतो तेव्हा चार भिंती घेतो, आणि प्रत्येक भिंतीची दुसरी बाजू दुसऱ्या कोणाची तरी असते.

मास्तरांना मी नंतर पत्र लिहिले, आणि क्षमा मागितली. त्यांचे उत्तर आले, ते आजही मजजवळ आहे. त्यात क्षमेविषयी काही नव्हते. वहिनींची प्रकृती बरी आहे, मुलीच्या घरी शांतता आहे, आणि बडोद्याच्या घराच्या गॅलरीतली तुळस नव्या मालकांनी ठेवली आहे किंवा कसे, ते कधी गेलात तर पाहून कळवावे, एवढेच त्यांनी लिहिले होते. मी जाऊन पाहून आलो, आणि तुळस आहे असे त्यांना त्याच दिवशी कळविले. ह्या खेपेस उत्तरास उशीर केला नाही.